मालवणी गाण्यांचा रॉक अल्बम तयार होत आलाय, पण वाजवायचा कुठे?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही चौघं, कुडाळ आणि मालवणच्या मधल्या एका गावातले. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम्स. गाणी मी लिहितो, गातो मी आणि बेसवाला. बँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर म्हणाल जाहिरातीसाठी धागा काढला. तर पहिला अल्बम होत आलाय, आठ गाणी, सगळी मालवणीत. फ्यूजन नाही हां, म्हणजे मध्येच बासरी नि तबला असलं काही नाही, सरळ इंडी रॉक, गिटारचा आवाज जरा मळका, ड्रम्स पुढे, आणि शब्द आपले.

रेकॉर्डिंग बेसवाल्याच्या आजोबांच्या मांगरात केलं. गुरं विकली तेव्हापासून रिकामाच होता. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खाली सारवलेली जमीन. पहिल्या दिवशी ड्रमरने नुसतं किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मारून बघितलं आणि आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो, असला गोल आवाज आम्ही पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओतही ऐकला नव्हता. फक्त कौलांतून बाहेरचं सगळं आत येतं. एका हळू गाण्यात बेडूक इतके ओरडलेत की ते काढायचे की ठेवायचे यावर अजून भांडण चालू आहे.

विषय इथलेच. एक चिरेखाणीत राबणाऱ्या गड्यावर, एक एलईडी लावून मासे ओढणाऱ्या बोटींवर, एक फक्त मे महिन्यात आणि गणपतीत कुलूप निघणाऱ्या घरावर, एक माकडांवर (हसू नका, ज्याची केळी-माडाची बाग आहे त्याला विचारा).

आता प्रश्न. हा अल्बम काढायचा कधी आणि वाजवायचा कुठे? मुंबई-पुण्याच्या जागांना मेल टाकले, निम्म्यांचं उत्तरच नाही, एकाने थेट विचारलं फॉलोअर्स किती. गोव्यात एका ठिकाणी जाऊन वाजवून दाखवलं तर मॅनेजर म्हणाला गाणी छान आहेत पण अर्धा सेट बॉलिवूड आणि अर्धा इंग्लिश कव्हर्सचा करा. आणि गावात, आमच्याकडे भजन चालतं, दशावतार चालतो, ऑर्केस्ट्रा चालतो, डीजे तर विचारूच नका, पण स्वतःची गाणी वाजवणारा बँड म्हटलं की पहिला प्रश्न, लग्नाचे किती घेतास?

ड्रमरचं म्हणणं जूनमध्ये टाकूया, पावसाचा मूड असतो. घरच्यांचं म्हणणं शुद्ध मराठीत करा, मालवणी लोक विनोद म्हणूनच ऐकतात. माझं म्हणणं असं काहीच नाही, मी वैतागलोय. कोकणात असला काही सीन आहे का, की आम्हीच चौघं सीन?

पेडण्याचा साउंडवाला

त्या मॅनेजरचा राग धरू नको. गोव्यात सीझन नोव्हेंबर ते मार्च धर, समोर बसलेला माणूस चार दिवसांसाठी आलेला टुरिस्ट, त्याला ओळखीची गाणी पाहिजेत आणि मालकाला बारचं बिल पाहिजे. तुझी चिरेखाण ऐकायला तो आलेलाच नाही. मी साउंडच्या धंद्यात आहे, सीझनभर हेच बघतो. कव्हर्स वाजवून चार पैसे मिळत असतील तर जरूर मिळव, तारा आणि पेट्रोल सुटतं, पण तिथे अल्बम घेऊन जाऊ नको, उगाच मन खट्टू होतं.

गोव्याचंच उदाहरण घ्यायचं तर गायक रेमो फर्नांडिसचं घे. १९८४ मध्ये 'गोवन क्रेझी' ही कॅसेट त्याने शिवोलीला घरीच चार ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड केली आणि कॅसेटी स्कूटरवर घालून स्वतः दुकानादुकानांत पोचवल्या. मोठ्या कंपन्या मागाहून आल्या. गाणी गोव्यावरची, ऐकणारे आधी गोव्यातले. हे सगळं यूट्यूब नव्हतं तेव्हा. तुझ्याकडे तर मांगरात चारापेक्षा जास्त ट्रॅक असतीलच.

आता कामाचं सांगतो. मास्टरिंग, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात, करताना आवाज ठोकून ठोकून वर नेऊ नका. स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आणतो, तुम्ही जोरात केलंत तर तो खाली खेचणार, आणि तुमच्या त्या गोल किकचा जीव मात्र आधीच गेलेला असणार. दुसरं, त्यांच्या प्लेलिस्ट लावणाऱ्या एडिटरकडे गाणं पाठवायचं असेल तर रिलीजच्या कमीत कमी सात दिवस आधी जायला हवं, मी तर म्हणतो तीन-चार आठवडे आधीच अपलोड करा. आणि पैशाची आशा ठेवू नका. २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षात हजार स्ट्रीम नाहीत त्याचा रेकॉर्डिंगचा पैसाच ते देत नाहीत. आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व मात्र घेऊन ठेव, लिहिणारा तू आहेस, उद्या कुणी गाणं उचललं तर निदान कागद तरी हातात असेल.

बेडूक ठेवा.

निर्विकार

बाकी सगळं ठीक पण मालवणीत रॉक म्हणजे सोलकढीत चीज किसून घातल्यासारखं वाटतं राव. मुलांना डीजे पाहिजे, म्हाताऱ्यांना भजन. तुमचं ऐकणारा आहे कोण? प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नये.

गिरगाव ते गुहागर

निर्विकार, १९८६ मध्ये मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला तेव्हाही हेच विचारत होते, रॉक ऐकणारा आहे कोण. मी तेव्हा शाळेत होतो, पुढे कॉलेजात जायला लागल्यावर धोबीतलावच्या रंगभवनात जाऊन बसायचो. उघडं थिएटर, लोकलने घरी जाता येईल असं, तिकीट कॉलेजच्या पोराच्या खिशाला झेपणारं. मुंबईतला कुठलाही बँड घे त्या काळातला, रॉक मशीन (ज्यांचं पुढे इंडस क्रीड झालं) धर, सगळ्यांच्या गोष्टीत रंगभवन येणारच. बाजूला हॉस्पिटल, कॉलेज, म्हणून सायलेन्स झोन लागला आणि २००३ च्या सुमाराला ते बंदच झालं. बँड होते, पब्लिक होतं, जागा गेली. त्यानंतर जे उरलं ते पबमध्ये शिरलं, आणि पबमध्ये शिरलं की वय, कपडे, बिल, सगळं आलं. आमच्यासारखी गिरगावातली पोरं तिथे जाईनाशी झाली.

म्हणून सांगतो, आधी जागा ठरव. एकच असू दे, पण दर महिन्याला किंवा दर दोन महिन्याला तिथेच. लोकांना सवय लागली पाहिजे की अमुक शनिवारी तमुक ठिकाणी काहीतरी असतं. नाट्यगृह भाड्याने घेणं महाग पडत असेल पण मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे, चिपळूणला इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र आहे, रत्नागिरीत सावरकर नाट्यगृह आहे, चौकशी करायला काय जातंय. नाटकाची तारीख नसलेला आडवारी दिवस विचार. शाळेचं सभागृह मिळालं तर त्याहून बरं.

बंद सभागृहाचा आणखी एक फायदा. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम २००० सालापासून आहे, पण त्यात सभागृह, कम्युनिटी हॉल अशा बंद जागांना सूट आहे. उघड्यावर करायचं तर दहाला बंद म्हणजे बंद. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, ते सगळे गणपती, नवरात्र, थर्टी फर्स्ट यातच जातात, तुमच्या अल्बमला कुणी देणार नाही. पोलीस स्टेशनला अर्ज मात्र आधी द्या, आयत्या वेळी धावपळ नको.

आणि जूनमध्ये बिलकुल काढू नका. जूनमध्ये गावात माणूस शेतात असतो आणि मुंबईत माणूस ट्रॅकवर पाणी तुंबलंय का बघत असतो. गणपतीत काढा. चाकरमानी गावात येतो, खिशात पैसे असतात, रिकामा वेळ असतो, आणि गावाबद्दल डोळ्यात पाणी पण असतं. तुमचं ते कुलूपवालं गाणं त्याच्यासाठीच आहे.

पखवाजी

वायच माझा पण ऐका. रॉक बिक माका कळणा नाय, मी भजनाच्या डबलबारीक पखवाज वाजवतंय. पण लोकांका रात्रभर बसवचा कसा ता माका ठावक आसा.

गणपतीत काडू नको रे. गणपतीत लोकांका वेळ खय आसता? सकाळी पूजा, दुपारी पावणे, संध्याकाळी आरती, रात्री घराघरात भजना. आमी स्वताच एका घरातसून दुसऱ्या घरात धावत असतो, जेवक पण गावणा नाय. त्येच्यात तुजो अल्बम कोण ऐकतलो? चाकरमानी डोळ्यात पाणी घेवन येता ह्या खरा, पण ता पाणी आरतीक संपता.

तू जत्रेक ये. दिवाळी झाली की आमच्याकडे जत्रा सुरू होतत, रोज खय ना खय आसताच. लोक येतत संध्याकाळपासून, नि पालखी फिरान दशावताराचा नाटक उभा ऱ्हवासर मध्यरात होता. तोपर्यंत काय करतत? ओटी भरतत, खाजा घेतत, भजी खातत, परत खाजा घेतत. तो सगळो टाइम रिकामो आसा. आठाक सुरू कर, साडेनवाक गुंडाळ, तुजो दहाचो नियम पण सांभाळलो. देवस्थानाच्या मानकऱ्यांका आधी जावन भेट, नारळ ठेव, सांग आमी ह्याच गावचे, देवळाकडे सेवा करूक मागतो. गाऱ्हाणा घातला मगे कोण नाय म्हणणा नाय. म्हटल्यान तर चा पिवन परत ये, दुसऱ्या गावात जत्रा आसाच.

आता त्या निर्विकारान विचारल्यान ऐकणारो कोण. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतत. पयलो बुवा रूपावली म्हणता, अभंग म्हणता, गवळण म्हणता, मगे गजर, मगे दुसऱ्याची बारी. पब्लिक काय चाल ऐकूक येता? चाली सगळ्यांका पाठ, निम्म्ये तर पिक्चरातल्ये. पब्लिक येता ता ह्यो त्येका काय टोमणो मारता नि तो काय उत्तर देतलो ता ऐकूक. शब्द कळाक व्हये. शब्द कळले की पाटे चार वाजेपर्यंत पब्लिक उठणा नाय. तुमच्या गाण्यात शब्द कळतत काय? माज्या चेडवान माका एक बँड ऐकवलेलो, गाता कोण नि बोंबालता कोण काय कळाक नाय.

माकडाचा गाणा पयला घे. सगळो गाव टाळये वाजवतलो.

सुरंगीचा वळेसार

पखवाजीकाकांना दोन्ही हातांनी नमस्कार, पण एक सांगू का, जत्रेत बायका आणि मुली ओटी भरून, नाटकाला थांबायचं तर घरच्यांबरोबर घोळक्याने थांबतात. एकटीदुकटी मुलगी साडेआठला उभं राहून बँड ऐकेल असं मला नाही वाटत. आमच्या रत्नागिरीत मी गाण्याच्या कार्यक्रमांना जाते ते आधी शेवटची एसटी किती वाजता आणि बाथरूम कुठे हे विचारून. सीन सीन म्हणतो त्यात हे पण येतं. आयोजक पोरांच्या हे डोक्यातच नसतं. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम ठेवा, बसायला खुर्च्या ठेवा, मग बघा निम्मं पब्लिक कोण असतं ते.

आमच्याकडे आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव थिबा पॅलेसला होतो दर वर्षी, शास्त्रीय संगीताचा. तिथे थंडीत शाली पांघरून लोक रात्री बसलेले असतात, अख्खी कुटुंबं. रत्नागिरीतल्या माणसाला कान नाहीत असं कुणी म्हणू नये. त्याला फक्त कळायला हवं की हे वेळेवर सुरू होणार, नीट ऐकू येणार आणि कुणी दारू पिऊन अंगावर येणार नाही.

आता निर्विकारांचं सोलकढी आणि चीज. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आणलं, लंडनपर्यंत नेलं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की मालवणी कळत नाही. हां, ते विनोदी होतं म्हणून आपण मालवणीला विनोदाच्या कप्प्यात टाकून मोकळे झालो हे खरं. पण दशावतारातला राजा गंभीर बोलतो तेव्हा काय कुणी हसतं?

मला सध्या एका आयरिश बँडचं वेड लागलंय, फाँटेन्स डी.सी. म्हणून डब्लिनचे आहेत. त्यातला 'डी.सी.' म्हणजे डब्लिन सिटी. गाणारा ग्रीअन चॅटन स्केरीज नावाच्या समुद्रकाठच्या गावात वाढलेला. पोरं डब्लिनच्या संगीत कॉलेजात भेटली, एकत्र कविता वाचत बसायची, लिहायची, आणि मग बँड. २०१९ चा पहिला अल्बम ऐका, तो माणूस त्याच्या स्वतःच्या हेलात गातो, अमेरिकन व्हायचा प्रयत्नच नाही. मला पहिल्यांदा अर्धे शब्द कळले नाहीत, तरी ऐकत राहिले, कारण हा खोटं बोलत नाहीये हे कळत होतं. २०२४ मध्ये त्यांचा 'रोमान्स' हा चौथा अल्बम आला, आधीचे तिन्ही डॅन कॅरी या निर्मात्याने केलेले, हा जेम्स फोर्डबरोबर केला, आवाज खूप मोठा आणि चकचकीत झालाय, मंडळी तोपर्यंत लंडनला गेलेली. काही जणांना आवडला नाही, डब्लिन कुठे गेलं म्हणतात. मला आवडला, पण परत परत ऐकते तो पहिलाच. आणि तिथे ते एकटे नव्हते, त्याच सुमाराला मर्डर कॅपिटल हा बँड पण डब्लिनमधूनच वर आले, एकमेकांचे कार्यक्रम बघून, एकमेकांवर जळून. तुमच्या डबलबारीसारखंच की हो काका.

जवळचं उदाहरण पाहिजे तर केरळचा अवियल बँड. मल्याळममध्ये रॉक, २००८ चा अल्बम. मला मल्याळमचं अक्षर कळत नाही, तरी ऐकते.

सड्यावरचा, शुद्ध मराठीत करू नकोस एवढंच सांगते. घरच्यांना एकदा समोर बसवून कुलूपवालं गाणं ऐकव, बघ कोण हसतं.

निर्विकार

बरं बाबा, चीज परत घेतो. लिंक टाका, ऐकतो.

मिठाची हवा

कुणी वाद्यांबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो. मांगरात रेकॉर्ड केलंत ते छान, पण गिटारी तिथेच ठेवत असाल तर पावसाच्या आधी घरात न्या. लाकडी गिटारला हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के बरा, आपल्याकडे जुलैत काय असतो ते कपाटातल्या चपलांवरच्या बुरशीला विचारा. मान वाकते, ब्रिज उचलतो, तारा आठवड्यात तांबूस होतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, गुलाबी झाल्या की परत सुकवायच्या, आणि केस जमिनीवर ठेवायची नाही, चिऱ्याच्या भिंतीला टेकवून तर अजिबात नाही, भिंत पाणी सोडते. अ‍ॅम्पच्या जॅकमध्ये खरखर येत असेल तर सोल्डरिंगवाल्याकडे धावण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा, निम्म्या वेळा समुद्राची खारी हवाच असते.

आणि स्थानिक साउंडवाल्याबद्दल. जत्रेत वाजवलंत तर जो मांडववाला तोच साउंडवाला असणार. माणूस चांगला असतो पण त्याचा मिक्सर भजनासाठी लावलेला असतो. बुवाच्या माईकवर भरपूर इको, पेटीला एक माईक, पखवाजाला एक, संपलं. तुम्ही गायला लागलात की तुमचा प्रत्येक शब्द तीन-तीनदा ऐकू येणार आणि ड्रम्स त्यात बुडणार. त्याच्याशी भांडायचं नाही. दुपारी चारला जाऊन चहा पाजायचा आणि म्हणायचं, दादा आमच्यासाठी इको शून्य करा. तो म्हणणार, आवाज कोरडा वाटेल. म्हणायचं, कोरडाच पाहिजे. पखवाजाचा जो माईक आहे तो किकला लावायला सांगायचा, त्याला जाड आवाजाची सवय असतेच. एक माईक ड्रमरच्या डोक्यावर. चार पिसी ड्रम्सला एवढं पुरतं, जत्रेच्या आवारात तर पुरतंच पुरतं. गिटारला माईक नकोच, अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा म्हणजे तुमच्या पोटऱ्यांऐवजी लोकांच्या कानात जाईल.

एक विनंती, गिटारचा मळका आवाज जरा आवरता घ्या लाइव्हमध्ये. पखवाजी म्हणतात ते खरंय, शब्द गेले की गाव गेलं.

सड्यावरचा

बापरे, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

कुलूपवालं गाणं आईला ऐकवलं. ती काही बोलली नाही, उठून मावशीला मुंबईला फोन लावला आणि फोन स्पीकरसमोर धरला. मावशीने मध्येच बंद करायला सांगितलं, मग परत लावायला सांगितलं. तर शुद्ध मराठीचा विषय घरात संपला.

जून रद्द. ड्रमर फुगून बसलाय, येईल ताळ्यावर. गणपती की जत्रा यात मला पखवाजीकाकांचं पटतंय, पण गिरगावकरांचं पण सोडवत नाही, म्हणून असं ठरतंय की कुलूपवालं एकच गाणं गणपतीच्या आधी यूट्यूबला टाकायचं, चाकरमानी कोकणकन्येत बसून हेडफोन लावून ऐकेल एवढ्या बेतानं, आणि अख्खा अल्बम दिवाळीनंतर, आमच्याच गावच्या जत्रेत पहिल्यांदा वाजवून. मानकऱ्यांपैकी एक ड्रमरचेच चुलते आहेत. ते म्हणाले वाजवा पण केस बांधून या.

सुरंगीताई, खुर्च्या आणि लवकरचा वेळ लक्षात ठेवलंय. जत्रेत नाही जमणार ते, पण मालवणच्या नाट्यगृहात चौकशी करतो, रविवारी संध्याकाळी सहा ते आठ. बाथरूम आहे तिथे, मी बघून आलोय.

एक अडलंय. देवळाकडे लाइट असते पण त्या दिवशी सगळे गाळे, पाळणे, रोषणाई त्याच लाइनवर. जनरेटर सांगावा लागणार. आमचे दोन गिटार अ‍ॅम्प, एक बेस अ‍ॅम्प, साउंडवाल्याचे दोन टॉप दोन बेस स्पीकर. किती केव्हीए सांगू?

पेडण्याचा साउंडवाला

एवढ्याला पाच केव्हीए आरामात पुरेल, बेसच्या झटक्याला थोडी जागा राहते. रोषणाई त्यावर चढवू देऊ नको, कोण ना कोण येणारच, "एकच माळ हा रे" म्हणत.

पण केव्हीएपेक्षा महत्त्वाचं अर्थिंग. तुमचे अ‍ॅम्प आणि त्याचा मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या. अर्धं जनरेटरवर आणि अर्धं देवळाच्या लाइनवर गेलं तर तू गिटारच्या तारांना हात लावून माईकजवळ तोंड नेशील आणि ओठाला सणसणीत बसेल. हसण्यावारी नेऊ नको, रात्री दवानं जमीन ओली असते, पायात काही नसतं, असा करंट जिवावर बेततो. जनरेटरला अर्थिंगचा खुंटा ठोकायला सांग, ठोकला का ते स्वतः जाऊन बघ. गाणं सुरू करायच्या आधी टेस्टर माईकच्या जाळीला लावून बघ. देवळाच्या आवारात चपला चालत नसतील तर खाली रबराची मॅट घाल, गाडीतली असते ती चालेल. हे केल्याशिवाय पहिली तार छेडायची नाही.

पखवाजी

केस बांधून या म्हटल्यान, हाहा. आमच्या कोरसात पण एक आसा तसलो.

जत्रेची तारीख ठरली की हय टाक. बारी नसली तर मी येतंय. माकडाच्या गाण्याक पखवाज वाजवू काय? फ्यूजन नको म्हणतस ता वाचलंय मी, पण एकाच गाण्याक. पट्टी सांग तेवढी. आमचो बुवा काळी चारात गाता.

सड्यावरचा

काका, येवा. बाकीच्यांना मी समजावतो. गाणं पांढरी तीनमध्ये आहे.

पखवाजी

म्हणजे दुसरो पखवाज काडूक व्हयो, ह्यो तेवढो खाली उतरणा नाय. आसा घरात, फक्त चामड्याची पुडी बदलूची आसा. दिवाळीपर्यंत करून घेतंय.